नखांवरची हळद

१२ फेब्रुवारी
हिंगोलीला, कातडीच्या डॉ.कडे. मलम संपलं म्हणून गेले होते. कोपरांवरच्या सोरायसिसकडे त्यांनी जेमतेम पाहिलं. बोटांची पेरं मात्र एकेक दाबली, टाचाही. ह्या आजारात काहींचे सांधेही धरतात म्हणे. लवकर कळलं तर बरं, नाहीतर बोटं वाकडी होऊन बसतात.
"सकाळी बोटं आखडतात?" आखडतात.
"काम केल्यावर वाढतं की सुटतं?" हळदीची काढणी चालू आहे. काम थांबलंय कधी, की सांगू?
मग नखं. पिवळी. "हे आजाराचं की हळदीचं?" मलाच विचारतात! आता पंधरा दिवस हळदीला हात लावायचा नाही, मग परत दाखवायचं.

१३ फेब्रु.
वंदाला, धाकट्या जावेला, सांगितलं. हळकुंडं मोडत बसली होती. हसली. "अक्का, माझी बी बोटं आखडून राहिलीत. मंग मलाबी तुमचा रोग लागला का?" कामावरच्या बायांना विचारलं. सगळ्यांचीच आखडतात. एक म्हातारी म्हणाली, "हळदीच्या दिवसात जिची दुखत न्हाईत ती कामचुकार."
मग माझं दुखणं कोणतं?

१८ फेब्रु.
फोडणीत हळदसुद्धा वंदाच टाकते. मला "सायबीणबाई" म्हणते. एवढा रिकामा वेळ, तर लिहायला बसले. चार ओळींत अंगठा आखड—

२३ फेब्रु.
काही कळेनासं झालंय. आराम करतेय तर सकाळचं आखडणं वाढलंच. आज ब्लाउजचे हूक लागेनात. वंदानं लावले, पिवळ्या बोटांनी, स्वतःच "आई गं" करत. नंतर बादलीभर धुणं धुतलं तर बोटं मोकळी! म्हणजे कामानं सुटतं. हे चांगलं की वाईट? ह्यांना विचारलं. "डॉक्टरलाच सांग." ह्यांचं नेहमीचं.

२७ फेब्रु.
उद्या हिंगोली. नखांचा रंग उतरलाय. खाली बारीक खळगे, सुईनं टोचल्यासारखे. आधीही असतील? मी कधी पाहिलंच नाही.
अंगठ्याचं नख मात्र अजून पिवळं. वंदाला दाखवलं. आज हसली नाही. "हळदच हाय ती, अक्का. दुसरं काय न्हाई." माझा हात मांडीवर घेऊन लिंबानं घासत बसली. उतरेना. दुसरं लिंबू कापलं.
मी तिला थांब म्हटलं नाही.