बादलीवरची रेघ

प्रिय दादा,

सातव्या मजल्याच्या अहवालात मी लिहिलं होतं की ७०२च्या बाथरूममध्ये सीतारामकाकांनी गुपचूप पाणी ओतलं. ते चूक आहे. तारीख, मजला, पाण्याची उंची सगळं बरोबर आहे, फक्त माणूस चुकला. ऑफिसच्या मेलवर मला तुला 'सर' लिहावं लागतं, म्हणून हे घरून, हाताने लिहितेय.

त्या शनिवारी खाली गळतंय का ते बघायला मी बाथरूममध्ये पाणी भरलं, भिंतीवर पेन्सिलीची रेघ मारली आणि बाहेर पॅसेजमध्ये एक बादली भरून तिच्यावरही रेघ मारली. आठवतंय ना, आपण लहान असताना सुट्टीत अण्णा आपल्याला कामावर न्यायचे आणि अशाच बादलीवर नजर ठेवायला बसवायचे? हवा किती पाणी प्यायली ते बादली सांगते, उरलेलं स्लॅब प्यायला, असं म्हणायचे. मंगळवारी बादलीतलं पाणी करंगळीच्या नखाएवढं उतरलं होतं आणि बाथरूममधलं मात्र अगदी रेघेवर. म्हणजे कुणीतरी वरून ओतलं होतं. किल्ली काकांकडे असते, म्हणून मी त्यांचं नाव लिहिलं. त्यांना विचारलंसुद्धा नाही. गॅस बंद केलाय का ते बघायला मी तीन-तीनदा जिना चढते, आणि एका माणसाचं नाव एकदाही न तपासता लिहून मोकळी झाले. दुसऱ्या दिवशी तू त्यांना साइटवरून काढलंस.

काल शकुमावशी सातवा मजला झाडत होत्या. मी सहज विषय काढला. त्या म्हणाल्या, अगं, ते पाणी मीच ओतलं. सोमवारी मोठ्या साहेबांनी सीतारामकडून किल्ली मागून घेतली, मला म्हणाले पाणी चार बोटं उतरलंय, ताईने खूण केलीय तिथपर्यंत भर. वर मला सांगतात, एक थेंब जास्त नाही हां ओतला, तुझी रेघ बघून बघून ओतलं. त्यांना वाटलं मी शाबासकी देईन.

मोठे साहेब म्हणजे तू.

इमारतीला सात महिने उशीर झालाय, वाकोल्याचे रहिवासी घरांची वाट बघतायत, हे मला माहीत आहे. पण प्लास्टरवाल्यांनी तीन आठवडे खाल्ले तेव्हा तू त्यांना एक शब्द बोलला नाहीस. ते दिवस तू माझ्या चाचण्यांना कात्री लावून भरून काढलेस. मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर म्हणालास, मॅडमची चाचणी संपेपर्यंत वाकोल्याचे रहिवासी म्हातारे होतील. सगळे हसले, मीही हसले, आणि त्या हसण्याचा मला आज सगळ्यात जास्त राग येतो. गळतंय म्हणून तेव्हाच सांगितलं असतंस तर फरशीखालचा, पाणी अडवणारा कोबा फोडून नव्याने केला असता. दहा दिवस गेले असते, दोघांनी मिळून शिव्या खाल्ल्या असत्या. पुन्हा पाणी भरायचं ठरलं होतं, तर तू त्याआधीच वर फरशी बसवून टाकलीस. आणि माझा अहवाल समोर आला तेव्हा तुला खरं काय ते ठाऊक होतं. तू तो वाचलास, एक स्वल्पविराम दुरुस्त केलास आणि खाली सही केलीस. अण्णांची बादली तू विसरलास हे मी समजू शकते. ती सही मला समजत नाही.

इकडे दहिसरला अण्णा रोज विचारतात, सीताराम फोन का उचलत नाही. वीस वर्षं त्यांच्या हाताखाली काम केलेला माणूस. मी म्हणते, कामात असतील. मग अण्णा म्हणतात, देवेशच्या साइटवर आहे म्हणजे काळजी नाही. आज सकाळी काकांच्या घरी गेले होते. त्यांनी चहा दिला, पण माझ्याकडे बघितलं नाही.

नवा अहवाल लिहून झालाय. त्यात पाणी ओतायला लावल्याबद्दल तुझं नाव आहे आणि खोटा आळ घेतल्याबद्दल माझं. ७०२ची फरशी उखडून पुन्हा तीन दिवस पाणी भरावं आणि सीताराम मिस्त्रींना कामावर परत घ्यावं, असंही लिहिलंय. तू माझ्याआधी बोलावंस म्हणून हे पत्र. अण्णांना तू स्वतः सांगितलंस तर मी मध्ये एक शब्द बोलणार नाही. नाही सांगितलंस, तरी सोसायटीच्या कमिटीसमोर मी हा अहवाल वाचणार आहे, तू समोर बसलेला असताना, येत्या गुरुवारी, ११ जूनला, सकाळी साडेदहा वाजता.

रागावलेली, तरीही तुझीच,
जान्हवी