थांबण्याऐवजी

४ जुलै

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

आम्ही दोघी बऱ्या आहोत. हे गेल्यापासून तुझी भाची रात्री माझा हात सोडत नाही. शाळेत मात्र जाते.

रंगाच्या कारखान्याचे मॅनेजर येऊन गेले. हे टाकी साफ करायला उतरले आणि आतल्या वाफेने गुदमरले, असा इंग्रजी जबाब त्यांनी तयार करून आणलाय. त्यावर माझी सही हवी. नुसता रिवाज आहे म्हणाले. पण एका वाक्यावर मी अडलेय : ‘ही वेंट इन रादर देन वेट फॉर अ मास्क.’ ‘देन’ म्हणजे ‘नंतर’ ना? मग आधी उतरले आणि नंतर मास्कची वाट पाहिली? हे कसलं रे वाक्य? मास्तर, लाल पेन काढा आणि अर्थ कळवा.

तुझ्या उत्तराकडे डोळे लावून,
धाकटी

९ जुलै

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

सही केली नसशील तर करू नकोस. ‘देन’च्या स्पेलिंगमध्ये टाइप करणाऱ्याने ‘ई’ घातलाय, तिथे ‘ए’ हवा : ‘दॅन’. शाळेत तूही हेच चुकायचीस आणि माझी बोलणी खायचीस.

पण चूक सुधारून वाचलं तर वाक्य जास्तच वाईट निघालं. ‘रादर दॅन’ म्हणजे ‘च्याऐवजी’. समोर दोन गोष्टी असतात, माणूस एक सोडून दुसरी निवडतो. म्हणजे मास्क मिळणार होता, पण थांबण्याऐवजी भावोजी आपल्या मर्जीने उतरले. भावोजी? ब्रेक दाबून पाहिल्याशिवाय सायकलवर टांग न टाकणारे? तिथे मास्क होता का, तेवढं विचार.

तुझी वहिनी म्हणते, दोघी इकडेच या.

दोघी जपून राहा,
दादा

१८ जुलै

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

विचारलं. ह्यांच्या कामावरच्या जोडीदाराने सांगितलं, कारखान्यात मास्क कधी आलेच नव्हते. हे नको म्हणत होते, तर सुपरवायझरने सुनावलं की उतर, नाहीतर उद्यापासून येऊ नकोस.

मॅनेजरना हेच ऐकवलं. ते म्हणाले, इंग्रजीत असंच लिहितात. मग त्यांच्याच कागदावर, सहीच्या जागी, मी लिहिलं : ‘दे सेंट हिम इन विदाउट अ मास्क रादर दॅन स्टॉप द वर्क.’ काम थांबवण्याऐवजी त्यांनी ह्यांना मास्कशिवाय आत पाठवलं. ‘ए’ घालूनच लिहिलंय, दादा.

काल जोडीदाराने साक्षीदार म्हणून मॅनेजरच्या जबाबावर सही केली. त्यालाही पोरंबाळं आहेत. जिन्यात भेटला, खाली मान घालून गेला. आम्हाला कारखान्याची खोली सोडायला सांगितलीय. वहिनीला म्हणावं, येतोय.

गल्लीत बोलतात, ह्यांना घाई नडली. पोरीच्याही कानावर गेलंय. बाबांना थांबता आलं असतं का, म्हणून विचारते. मी नाही म्हणते. सकाळी उठली की पुन्हा विचारते.

तुमची माया आहेच, ती राहू द्या.
धाकटी