दुपारी झोपणारा कॉम्प्युटर

तीर्थस्वरूप दादांना,

तुमच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा दंडवत. गुडघा आता जिना चढू देतो का? (उतरताना जास्त दुखतो असं तुमची बहीण म्हणते. तिला इथे बसून कसं कळतं, देव जाणे.) आम्ही दोघं त्याच्याच कृपेनं ठीक आहोत. आजारी आहे तो तुम्ही दिलेला कॉम्प्युटर.

जुने भाग जोडून तुम्ही तो बांधलात, त्याची सगळी सिस्टिम हार्ड डिस्कऐवजी बोटाएवढ्या पेन ड्राइव्हमध्ये बसवलीत, म्हणून छापखान्याचं काम मला घरी करता येतं. शाळेच्या नकाशांवर नद्या काढायच्या. (निळी रेघ ओढत राहायचं. याहून शांत काम देवानंही स्वतःसाठी ठेवलं नसेल.) पण हल्ली दुपारी उन्हाचा पट्टा टेबलावर उतरला की कॉम्प्युटरचा पडदा जातो. माझा डोळा लागतो तेव्हा नदी अर्ध्या वळणावर असते, माउसचा बाण बगळ्यासारखा एका पायावर उभा असतो, आणि डोळा उघडतो तेव्हा सगळं काळं. मी रागवायचं सोडून त्या काळ्या काचेकडे बघत बसतो. गावच्या शाळेत गुरुजी फळा पुसत तेव्हाही माझं असंच व्हायचं. धडा काय होता यापेक्षा तो आता कुठे गेला असेल, याचीच काळजी.

कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याला आणलं. (त्याला सगळे डॉक्टर म्हणतात, कारण नाडी बघावी तसा तो आधी डब्यावर हात ठेवून उभा राहतो.) त्यानं पंखा साफ केला, रॅम काढून पुन्हा बसवली, विजेची वायर बदलली. शेवटी म्हणाला, ‘‘काका, पेन ड्राइव्ह थकलाय. सारखं लिहून-पुसून आतून झिजतात हे.’’ मला त्या पेन ड्राइव्हची दया आली. नवा घेतला, डॉक्टरनं सगळी सिस्टिम त्यात उतरवली. सकाळी हात जोडून बटण दाबलं, दुपारपर्यंत एक नदी सुखरूप समुद्राला पोचली, आणि डोळा लागून उघडतो तो पुन्हा काळोख. डॉक्टर म्हणाला, ‘‘हाही खराब निघाला. नशीब असतं काका.’’ नशीब मी मानतो. पण ते चहाची वेळ पाळतं, हे नवीन होतं.

तुमची बहीण मात्र शांत. रोज जेवणानंतर विचारते, ‘‘सगळं सेव्ह केलंत का?’’ मी केलं म्हणतो, खुर्चीतच डुलकी घेतो, उठतो तो पडदा गेलेला. ‘‘पडला का बंद? पडू दे. चला, बाहेर बसू.’’ मग गॅलरीत चहा. ती ढगांत माणसं शोधते. (परवा एक ढग थेट तुमच्यासारखा निघाला, गुडघ्यासकट.) आम्ही इतकं बोलतो की चहा निवतो. आत येऊन बटण दाबावं, तर कॉम्प्युटर काही घडलंच नाही असा सुरू.

पण छापखान्याचे मालक म्हणतात, घरचं यंत्र असं दगा देणार असेल तर पुढच्या महिन्यापासून इथे येऊन बसा. म्हणजे सकाळी निघायचं ते दिवेलागणीला परत. तेव्हा दादा, गुडघा सांभाळत एकदा येऊन बघा, नाहीतर हा नेऊन दुसरा द्या.

तुमचा,
नद्यावाला मेहुणा

ता. क. पत्र पाकिटात घालायचं राहिलं ते बरं झालं. काल दुपारी खुर्चीत झोप लागली नाही, नुसता डोळे मिटून होतो. तुमची बहीण अनवाणी आली, नखानं पेन ड्राइव्ह जरासा बाहेर ओढला, पडदा गेल्यावर हळूच आत सारला, आणि चहा टाकायला गेली. मी डोळे उघडले नाहीत.

ता. क. दुसरा. म्हणून येऊ नका. मालकांना कळवलंय की रोग सापडला, काम वेळेवर मिळेल, फक्त दुपारी यंत्राला थोडी विश्रांती लागते. तिनं फोनवर विचारलंच तर एवढंच म्हणा, हल्ली पेन ड्राइव्ह सगळेच असे निघतात. आत्ताच विचारून गेली, सगळं सेव्ह केलंत का. केलं म्हणालो. आता डोळे मिटतो.