मामाला शिकवलेली संगीन

आबा, तुम्ही गेल्यावर माझं लग्न झालं, मुलं झाली, त्यांचीही मुलं झाली, तरी तुमच्याशी एक बोलायचं राहूनच गेलंय. उत्रोलीच्या मामाबद्दल.

मामा, आईचा धाकटा भाऊ, पलटणीत नाव घालून पासलीला आपल्या घरी आला तो दिवस अजून डोळ्यांपुढे आहे. जर्मनीशी लढाई चालूच होती. तुम्ही आफ्रिकेतल्या आघाडीवरून डाव्या हाताची दोन बोटं गमावून घरी आला होतात आणि अंगणात भाताचा पेंढा रचत होतात. मामा जोत्यावर बसून हसत म्हणाला, "दाजी, आता इमानं आली, तोफा आल्या. संगीन कशाला देत्यात अजून? लाकडं फोडाया?"

तुम्ही हातातला पेंढा खाली ठेवलात. "खंदकात उडी मारलीस की समोरचा हातभर लांब आसतो. तिथं तोफ काय करनार? बंदूक भराया येळ न्हाई. तवा तीच." मग म्हणालात, "निस्ती बगूनच लई जण हात वर करत्यात. जे करत न्हाईत, त्यांच्यासाटी शीक."

पेंढ्याचा भारा तुम्ही मेढीच्या खांबाला बांधलात आणि मामाच्या हातात बांबू दिलात. घुसवणं त्याला लगेच जमलं. काढणं जमेना. "आडकली की तू मेलास!" तुम्ही ओरडत होतात. "पाय दे, वड! पुन्यांदा!" मग बांबू तुम्हीच घेतलात, आणि तुमच्या तोंडून अशी आरोळी निघाली की गोठ्यातली म्हैस दावं तोडायला लागली. भारा फुटतो, पेंढा अंगणभर होतो, तरी तुम्ही थांबत नाही. आई चुलीपुढून पळत येते, तुमची मूठ सोडवते. "आवं, घरी हाय आपुन," ती म्हणत राहते. "घरी हाय."

लढाई संपली आणि मामा धडधाकट परतला. भोरहून पेढे घेऊन थेट आपल्याकडं आला, तुमच्या पायांवर डोकं ठेवलं. "दाजी, इटलीत एका घराच्या जिन्यात जर्मनाशी गाठ पडली. बंदूक आडली, गोळी सुटंना. तुमी शिकवलं म्हनून ह्यो म्या हितं हाय."

आई रडता रडता हसत होती. तुम्ही विचारलंत, "केवढा व्हता?"

"म्या बगितलं न्हाई."

"बगितलंस तू."

मामाचा चेहरा उतरला. म्हणाला, "माज्यापरीस ल्हान आसंल. मिशी फुटली न्हवती."

तुम्ही पेढा हातात तसाच धरून खाचराकडं चालत गेलात. त्यानंतर मामाशी पीकपाण्यापलीकडं कधी बोलला नाहीत. झोपेत तुम्ही काय म्हणायचात, ते आईनं मला तुमचं तेरावं झाल्यावर सांगितलं. "त्या पोराला म्याच मारलं. पासलीत बसून."

मामा खूप जगला, आबा. उत्रोलीत भात लावला, पोरं वाढवली, माझ्या लग्नात तुमच्या जागी उभा राहिला. हा कागद धाडणार कुठं? तुमची समजूत काढावी म्हणून लिहायला बसले होते. त्या मुलाच्या आईचा विचार करायला जाते, पण डोळ्यांपुढे मामाच येतो, मांडवात उभा, फेटा बांधलेला. तो परत आला याचा मला आनंदच होतो. अजूनही.