कोरेगावातला स्नोमॅन

८ डिसेंबर १९७४, रविवार
कृष्णातचं पत्र आलं. सव्वीसला रजेवर येतोय. लेक कॅप्टन झाला, अक्षर मात्र अजून चौथीतलंच. सूनबाई सांगलीला हॉस्टेलवर राहून डी.एड. करतेय, अजून दीड वर्ष. तोवर पोर कुणा तरी एका आजीकडं ठेवायची. 'बनू कुठं रमते ते बघतो, मग ठरवू,' असं लिहिलंय. ठरवायचं काय त्यात? दिवाळीपासून ती माझ्याकडं आहे. अडीच वर्षांची. नाव ह्यांच्या आईचं, बनुबाई. मी बनी म्हणते. दुसरी आजी आष्ट्याला. ऊस आणि म्हशी. जास्त लिहायला नको.

संकल्प: बनीकडून स्नोमॅन करून घ्यायचा. कृष्णात काश्मीरच्या बर्फातून येणार, घरात पाऊल टाकताच समोर बघेल. पाचगणीला कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर बर्नाडेट दर डिसेंबरला आमच्याकडून कापसाचा करून घ्यायच्या. एका वर्षी माझा पियानोवर ठेवला होता. खरा बर्फ मी पाहिलेला नाही, पण सिस्टरना आयर्लंडहून येणारी कार्डं इतकी पाहिलीत की पाहिल्यातच जमा.
वेळापत्रक: रोज १० ते १०.३०.

१० डिसेंबर
सिकंदर पिंजारी आला. दोन जुन्या उशा फोडून त्याच्यापुढं टाकल्या. पिंजणाची तार टंग-टंग वाजायला लागली आणि बनी त्याच्यासमोर बसली ती उठेचना. मी तीनदा "स्नो, बनी" म्हटलं. तिनं "टंग" म्हटलं. सिकंदर म्हणाला, "बाईसाब, बाहुला करायचाय तर चिंध्या भरा की. कापूस खाईल पोरगी." ह्याला शिक्षणातलं काय कळतंय.

११ डिसेंबर, सकाळी १०.४५
तिनं कापूस खाल्ला. थोडाच. ह्यांनी सोमवारच्या बाजारात तिला बुढ्ढी के बाल खायला घातले, त्याचा परिणाम. दोष ह्यांचा.
चिकटवायची खळ तिच्या केसांत, माझ्या चष्म्यावर आणि खुर्चीला. कापसाला सोडून सगळीकडं. उद्यापासून आधी नियम, मग खळ.

१४ डिसेंबर
स्नोमॅन उभा राहिला. दोन हात उंच. पुठ्ठ्याची हॅट, नाकाला गाजर, डोळ्यांना ह्यांच्या जुन्या कोटाची बटणं. शेवटचं काम मी एकटीनं केलं. मधलंही. कल्पना मात्र दोघींची. बनीनं त्याला पाहिलं आणि त्याच्यावर टॉवेल टाकला. थंडी वाजू नये म्हणून. किती हळवं मन.

१६ डिसेंबर
बनी दिवाणखान्यात येत नाही. लाजते. हे म्हणतात, घाबरते. ह्यांना लहान मुलांचं काही कळत नाही.

१९ डिसेंबर, गुरुवार
आष्ट्याच्या विहीणबाई आल्या. रंगूबाई. बरोबर गुळाची ढेप, उसाच्या कांड्या आणि गाठोडं. "दोन दिसांसाठी आलेय." दोन म्हणजे दोनच, असं मी मनात म्हटलं. दिवाणखान्यात नेऊन टॉवेल काढला. बघत राहिल्या. म्हणाल्या, "आवं विहीणबाई, ह्यो कोन? नाकातोंडात कापूस घालून बसवलाय, गेलेल्या मानसागत." मी सांगितलं, हे ख्रिसमसचं असतं. "असंल," म्हणाल्या आणि टॉवेल परत टाकला.
मागून हे हसले. मी ऐकलं.

२० डिसेंबर
गाठोड्यात जुनी लुगडी निघाली. विहीणबाई उन्हात बसून बनीसाठी वाकळ शिवतायत. "एवढी थंडी, आन पोरगीला पांघरायला ही मिलची चादर व्हय?" बनी चिंध्या उचलून देते. "तांबडी दे गं माजे बाय," म्हटलं की तांबडी देते. हिरवी म्हटलं की हिरवी. दोन तास. माझ्यासमोर दोन मिनिटं बसली नव्हती. पण ह्याला क्राफ्ट म्हणत नाहीत. ह्यात कल्पनाशक्ती कुठं आहे?
टाके वाकडे. मला नीडलवर्कमध्ये पहिलं बक्षीस होतं.

२२ डिसेंबर, दुपार
माझ्या ट्रंकेतला शाळेचा निळा ब्लेझर. चाळीस वर्षं डांबराच्या गोळ्या घालून जपलेला. विहीणबाईंनी मधे घालायला काही तरी जाड मागितलं आणि ह्यांनी तो काढून दिला. विचारलं, तर म्हणाले, "तू घालणार होतीस काय?"
आता तो वाकळीच्या मधोमध आहे, खिशासकट. बनी त्यात भुईमुगाच्या शेंगा ठेवते. शाळेत त्या खिशात रुमालाशिवाय काही ठेवायची परवानगी नव्हती.
निषेध म्हणून जेवले नाही. कुणाच्या लक्षात आलं नाही. चार वाजता पोहे खाल्ले.

२६ डिसेंबर
कृष्णात आला. वाळलाय. बनीनं आधी ओळखलं नाही, मग विहीणबाईंच्या कडेवरूनच हात पुढं केला. मी त्याला दिवाणखान्यात नेलं, टॉवेल काढला. त्यानं एकदा बघितलं. मग म्हणाला, "आई, चार महिने हेच बघतोय गं. दुसरं काय तरी दाखव." अंगणात गेला आणि बनीला पोटावर घेऊन वाकळीवर आडवा झाला. चहाला उठवावं लागलं.

२७ डिसेंबर
ठरलं. आष्टा. तिथून सांगली जवळ, सूनबाईला रविवारी येता येईल. म्हणजे प्रश्न अंतराचा होता, रमण्याचा नव्हे. मी स्वतःच हे सुचवणार होते, कृष्णात आधी बोलला इतकंच. हे "व्हय व्हय" म्हणाले. ते कुणाच्या बाजूनं, ते कळलं नाही.
विहीणबाईंचे दोन दिवस म्हणजे आजचा नववा.

२९ डिसेंबर, रविवार
गेली सगळी. स्टँडवर विहीणबाईंनी माझा हात धरला. "तुमी बी चला की. मला विंग्रजी येत न्हाई. पोरगी नुसती माज्यावानी व्हईल. खोली हाय, ऊन हाय, म्हशीचं दूद हाय. त्यो पांढरा तेवढा आनू नगा." मी म्हटलं, मला इथं पुष्कळ कामं आहेत. बनीनं खिडकीतून टाटा केला. टाटा मी शिकवलेला. म्हणजे एक इंग्रजी शब्द घेऊन गेली.
घरी आल्यावर कामं आठवून पाहिली.

३१ डिसेंबर, मंगळवार
१० ते १०.३०: सिकंदरकडून कापूस परत उशांत भरून घेतला. गाजर किसलं.
मग ह्यांना सहज विचारलं, आष्ट्याला जायचं तर गाडी किती वाजता असते. माहिती म्हणून. पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, सकाळी साडेसहाला, कराडला बदलायची. रविवारीच स्टँडवर विचारून ठेवलं होतं. विहीणबाई खोली झाडून ठेवणार आहेत, आणि कृष्णात कराडला घ्यायला येणार आहे.
म्हणजे मी जाणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. मला कुणी सांगितलं नाही.