लाईट गेली होती

ता. ९ नोव्हेंबर

प्रिय मास्तरीणबाई,

सप्रेम नमस्कार. तू बरी असशील. मीही बरा आहे. पत्राची सुरुवात अशी करतात एवढंच शाळेतलं आठवतंय, पुढचं जसं येईल तसं. अक्षराला हसू नकोस. लाल पेनने चुका काढून परत पाठवलंस तरी चालेल. निदान काहीतरी परत येईल.

पाकिटावरचा पत्ता बघून दचकली असशील. हो, घरी आलोय. कशाला, ते सांगतो. घाई करू नकोस, मला घाई केली की काय होतं ते तुला माहीत आहे.

आधी कामाचं. आपला बोगदा, तुझं-माझं बोलणं जायची ती इंटरनेटवरची चोरवाट, बंद करतोय. व्हीपीएन म्हणायचा तुला कंटाळा, म्हणून तू त्याला बोगदा म्हणायला लागलीस, आणि आता क्लायंटसमोरसुद्धा माझ्या तोंडून बोगदाच निघतो. तुमच्या हॉस्टेलच्या कॉम्प्युटरवर ‘गणित सराव’ नावाच्या फोल्डरमध्ये मी दिलेलं ते प्रोग्रॅमचं पुडकं अजून असेल, तर उडवून टाक. नाही उडवलंस तरी चालेल.

ते जमवायला मी किती डोकं फोडलं होतं, आठवतं? डोंगरावरची तुमची संस्था, मोबाईलला रेंज नाही, वॉर्डनबाईंच्या टेबलावर एकच फोन आणि त्याच्यामागे वॉर्डनबाई. कॉम्प्युटरवर अभ्यासाची दोन-चार पानं सोडली तर काही उघडायचं नाही. काही बसवायला जावं तर परवानगी नाही. साधं पडद्यावरचं चित्र बदलता येत नव्हतं. लॅबवाल्याला तू विचारलंस तर तो म्हणाला, ‘जमलं तर करा, मी काही बघितलं नाही.’ मग काहीही न बसवता पेनड्राइव्हवरूनच चालेल असं पुडकं मी तुला करून दिलं. त्यातून तुझं बोलणं तिथून निघायचं आणि थेट माझ्या इथल्या खोलीतल्या जुन्या कॉम्प्युटरवर यायचं, आणि तिथून माझ्यापर्यंत. म्हणजे मी घर सोडलं होतं, पण तुझा प्रत्येक शब्द माझ्या घरातून जात होता.

घर का सोडलं, ते तू बाजूला नसताना घडलं, पण सगळं तुझ्याचमुळे, असं मी तुला तेव्हा लिहिलं होतं. चूक लिहिलं. तू त्या डोंगरावर शिकायला गेल्यावर मी दर आठवड्याला बसने तुझ्याकडे पळायचो, हजेरी बुडाली, आणि विभागप्रमुख सगळ्या वर्गासमोर म्हणाले, ‘पोरीमागेच हिंडायचंय तर कॉलेज कशाला अडवता?’ मी ओळखपत्र त्यांच्या टेबलावर आपटलं. चहाचा कप त्यांच्या शर्टावर. बाबा एवढंच म्हणाले, ‘उद्या जाऊन माफी माग.’ मी म्हटलं, मरेन पण मागणार नाही. ते म्हणाले, ‘मग या घरात नको.’ मी बॅग भरली. आत्या दारात आडवी उभी राहिली होती, तिच्या बाजूने निघून आलो.

नोकरी लागली ती हीच. लांबच्या गावांमधल्या कंपन्यांचे सर्व्हर, त्यांना इथे बसून बोगदे जोडून द्यायचे. आमच्या मालकांचा एक नियम आहे. लांबच्या सर्व्हरवर बोगदा चालू केला की त्याची सगळी ये-जा बोगद्यातून व्हायला लागते, आणि आपण ज्या वाटेने आत शिरलेलो असतो तीच वाट बंद होऊ शकते. आपण बाहेर, सर्व्हर आत, मधे कडी. मग कोणीतरी तिथे प्रत्यक्ष जाऊन, खुर्चीवर बसून, हाताने कडी काढावी लागते. म्हणून चालू करण्याआधी घड्याळ लावायचं. सर्व्हरला सांगून ठेवायचं की थोड्या वेळात माझा निरोप आला नाही, तर सगळं होतं तसं करून टाक. ‘परतायची सोय केल्याशिवाय आत जायचं नाही,’ हे मालक प्रत्येक नव्या माणसाला सांगतात. मला जरा जास्तच सांगतात.

उन्हाळ्यात तू म्हणालीस, बोगदा फार रेंगाळतोय. मी म्हटलं, आत्ता करतो. घरच्या कॉम्प्युटरमध्ये लांबून शिरलो, सगळं बदललं, घड्याळ लावलं नाही. घरचाच तर आहे! एंटर मारला आणि पडदा गोठला.

त्या खुर्चीवर बसू शकेल असं माणूस जगात एकाच घरात होतं. आत्या उचलेल या आशेवर फोन लावला.

“हॅलो.” बाबा.

“मी बोलतोय.”

“हं.”

“माझ्या खोलीतला कॉम्प्युटर... जरा बसता का समोर? मी सांगतो ते टाइप करायचंय.”

वाटलं, ठेवणार फोन. पण खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग, “सांग.”

तुला ठाऊक आहे, बाबांचा टाइपरायटरवरच्या टायपिंगचा क्लास होता. कॉम्प्युटर आले आणि तो बंद पडला. माझ्या खोलीत तो खोका आल्यापासून ते त्या खोलीत पाय ठेवायचे नाहीत. आणि त्या दिवशी फोनमध्ये मला नुसती टकटक ऐकू येत होती, माझं बोलून व्हायच्या आत त्यांचं टाइप होऊन जायचं. कीबोर्डवर असे घाव घालत होते की वाटलं कागद फाटेल.

“झालं. आता ओळ संपली, कॅरेज कुठून ओढायचं?”

“एंटर दाबा, बाबा.”

“एरर आलाय.”

“वाचा काय आलंय.”

त्यांनी सगळं वाचलं, स्पेलिंगसकट. कुठे चुकतंय मला कळेना. अर्धा तास मी ओरडत होतो. मग लक्षात आलं. कॉम्प्युटरच्या त्या आकड्यांच्या पत्त्यात मधेमधे टिंबं असतात, आणि बाबा प्रत्येक टिंबानंतर दोन जागा सोडत होते.

“टिंबानंतर जागा नको!”

“पूर्णविरामानंतर दोन जागा सोडतात.”

“तो पूर्णविराम नाहीये!”

“मग वाक्य संपतं कुठे?”

“संपत नाही! सलग मारा!”

“बरं,” म्हणाले. “शिकवणारा तू आहेस.”

झालं, बोगदा लागला. तू त्या संध्याकाळी किती वेळ बोललीस माझ्याशी, आणि मी तुला सांगितलं की मी मिनिटात दुरुस्त केलं. बाबांनी फोन ठेवण्याआधी विचारलं होतं, “अजून काही?” मी म्हटलं, नाही.

त्यानंतर बोगदा वरचेवर पडायला लागला. मी फोन केला की बाबा म्हणायचे, “लाईट गेली होती रे. मधेच जाते हल्ली.” लाईट आली तरी बोगदा आपला आपण उठत नसे, हाताने सगळं पुन्हा टाइप करावं लागे. म्हणून मी सांगायचो, ते मारायचे. मी वैतागायचो. कामावरून उठून जिन्यात उभं राहून ओरडायचो, वीज कंपनीला शिव्या घालायचो. ते म्हणायचे, “ओरड, ओरड. पुढचं सांग.” एकदा म्हणाले, “तुमच्याकडे जेवणाची सोय कशी काय?” मी म्हटलं, बाबा, आधी ही ओळ पूर्ण करा.

मग तुझं ते आलं. ‘थोडे दिवस नको बोलूया, अभ्यास होत नाहीये.’ त्यावर मी काय काय लिहिलं ते तुझ्या लक्षात असेलच. तुमच्या वर्गातल्या, तुला नोट्स देणाऱ्या त्या चष्मेवाल्याबद्दल लिहिलं ते सगळं मागे घेतो. माणूस चांगला असेल. त्याच्या नोट्सही चांगल्या असतील.

तुला लिहिल्यावर त्याच तिरमिरीत बाबांना फोन केला. लाईट पुन्हा ‘गेली होती’. म्हटलं, हे एकदाचं मिटवतो. एक लांबलचक मजकूर त्यांच्याकडून टाइप करून घेतला, की यापुढे वीज आली की बोगदा आपोआप चालू होईल, कोणाला हात लावायला नको. एकही एरर नाही. एकाही टिंबानंतर जागा नाही.

“आता तुम्हाला त्रास नाही,” मी म्हटलं.

“म्हणजे आता टायपिंग नाही?”

“नाही.”

ते म्हणाले, “चांगलं झालं. हुशार आहेस.”

त्यानंतर मी फोन केला नाही. कारणच नव्हतं ना. तू बोगद्यात येत नव्हतीस, आणि तू येत नाहीस हे बघावं लागू नये म्हणून मी तिकडे बघणं सोडलं होतं.

आता सांगतो. बाबा गेले. गेल्या महिन्यात, झोपेतच. मी पोचलो तेव्हा घरात माणसं जमली होती आणि माझ्यासाठी थांबली होती. सगळं आटपलं. मी कोणावर ओरडलो नाही, रडलोही नाही. आत्या म्हणाली, ‘हा एवढा गप्प कसा? तापबीप आलाय का बघा.’

नंतर माझ्या खोलीत गेलो. कॉम्प्युटर बंद. पुसून ठेवलेला, कीबोर्डवर क्लासमधलं रेक्झिनचं झाकण नीट घातलेलं. मी आत्याला विचारलं, लाईट गेलीय का?

“लाईट कुठे जातेय? वर्षात एकदा गेली असेल.”

मी टेबलामागे वाकून बघितलं. प्लग काढून ठेवलेला होता. वायर व्यवस्थित गुंडाळून.

आत्या दारातच उभी होती. म्हणाली, “तोच काढायचा. पूर्वी काढला की तासाभरात तुझा फोन यायचा. मग पाठ ताठ करून बसायचा बघ तिथे, क्लास घेत असल्यासारखा. या वेळेला काढला आणि फोनच येईना. मी म्हटलं, अरे, तूच लाव की त्याला फोन. तर म्हणे, ‘तो कामात असतो. लाईट नाही असं कळलं की करेल.’ रोज संध्याकाळी फोन मांडीवर घेऊन त्या खुर्चीत बसायचा.”

किती दिवस, ते मी विचारलं नाही.

हे तुला दोष द्यायला लिहीत नाहीये, मास्तरीणबाई. तू बोगद्यात यायला गेली असतीस, बोगदा नाही म्हणून वॉर्डनबाईंकडून फोन केला असतास, मग मी बाबांना केला असता, हे सगळं माझ्या डोक्यात फिरून झालंय. पण लांबून एकदा बोगद्याकडे बघायला मला कोणी अडवलं नव्हतं. तू अभ्यास करत होतीस. मी तर काहीच करत नव्हतो, नुसता रागावून बसलो होतो. तुझ्यावर, आणि मधल्या मधे त्यांच्यावर.

काल प्लग लावून बघितला. बोगदा आपोआप उठला. बाबांनी मारलेलं सगळं जसंच्या तसं चाललं. मी त्या खुर्चीत बसून बराच वेळ बघत राहिलो. आत कोणीच नव्हतं. मग मात्र आत्याला धावत यावं लागलं.

आत्या आता धाकट्या काकाकडे राहायला जातेय. घराला कुलूप लागेल. मी उद्या कामावर परत जातो. मालकांनी रजा वाढवून दिली होती, वर म्हणाले, ‘घरी गेलास ते बरं केलंस.’ त्यांना काय सांगू?

तर निघताना मी प्लग काढणार आहे आणि वायर होती तशी गुंडाळून ठेवणार आहे. तू काही येणार नाहीस, मला माहीत आहे. पण समजा कधी सहज ते पुडकं उघडलंस आणि नाही जोडलं गेलं, तर एवढंच कर, वॉर्डनबाईंच्या टेबलावरून एक फोन लाव. मी म्हणेन, लाईट गेली होती. तू खरं मानू नकोस, पण लगेच ठेवूही नकोस. जेवणाची सोय कशी काय, एवढं विचार.

मी ओरडणार नाही.

तुझाच,
भडकू