पायाला विचारू नका

अहो,

मी लॉन्ड्रीच्या पहिल्या पाळीला निघालेय. आज मीटर वाचायला जाऊ नका, सरळ डॉक्टरांकडे जा. बाहेर धो धो पाऊस आहे. बसने जा म्हटलं तरी तुम्ही सायकलच काढणार, म्हणून नीट ऐका. आधी कोरडे मोजे, त्यावर ब्रेडच्या पिशव्या, मग बूट. पिशव्या बुटांवरून चढवू नका, पेडलवरून पाय सटकतो. पोहोचलात की मोजे हाताने चाचपा. ओले झालेत का ते पायाला विचारू नका, तुमच्या त्या साखरेपायी त्याला काही कळेनासं झालंय.

तुमचे बूट मी फेकलेत, लेकाचे घाला. सकाळी तुमच्या बुटात वाळायला कोंबलेला कागद काढला, तर तो लाल निघाला. तळातून खिळा वर आलाय. काल दिवसभर त्याच्यावर पेडल मारलंत आणि घरी येऊन म्हणे, "पाय एकदम मजेत!"

चिडून लिहीत नाहीये. तुम्ही झोपेत असताना मी जखम झोंबणाऱ्या औषधाने धुतली, पट्टी आवळून बांधली.

तुमचं घोरणंसुद्धा थांबलं नाही.